पन्हाळ्याची भेट

२०२५ सालच्या मार्च महिन्यात आमच्या जिल्ह्याचे नाव अचानक देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. असीरगडाजवळच्या शेतांत रात्रीच्या अंधारात माणसे टॉर्च, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन माती उकरीत होती. ‘छावा’ हा चित्रपट नुकताच प्रदर्शित झाला होता आणि त्यात संभाजी महाराजांचा बऱ्हाणपुरावरील छापा दाखविला आहे. मोगलांचा खजिना या भागात पुरलेला असल्याची वदंता येथे पूर्वापार आहेच. चित्रपटाने तिला वारा घातला, एवढेच. सोन्याची नाणी कुणाला सापडली की नाही, हे सापडणाऱ्यालाच ठाऊक.

त्याच सुमारास ज्वराने फणफणलेला आठ वर्षांचा एक मुलगा माझ्या दवाखान्यात आला. छातीवर स्टेथोस्कोप ठेवल्याबरोबर त्याने विचारले, “डॉक्टर, संभाजी महाराज आपल्या गावात खरंच आले होते?” मी म्हटले, होय, आले होते. जानेवारी १६८१ च्या अखेरीस मराठ्यांचे सैन्य बऱ्हाणपुरावर येऊन थडकले आणि तटाबाहेरचे श्रीमंत बहादूरपुरा व इतर पुरे तीन दिवस लुटले गेले. तुझी मावशी राहते ते बहादरपूर म्हणजे तोच पुरा. मुलगा खूश झाला आणि मग त्याने दुसरा प्रश्न केला, “एकटेच आले होते? शिवाजी महाराज कुठे होते?”

ते आधीच्या वर्षीच गेले होते, असे मी त्याला सांगितले. परंतु प्रश्न मनात घर करून राहिला. आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेखाची मागणी आली, तेव्हा लसीकरणावर लिहावयाचे मी योजिले होते. दरवर्षी तेच लिहितो. या वेळी वाचकांनी मला क्षमा करावी; एका नाटकाविषयी लिहीत आहे.

आपले हे बऱ्हाणपूर मुमताजमहलच्या मृत्यूसाठी, कुंडी भंडाऱ्याच्या पाण्यासाठी आणि अलीकडे केळी व यंत्रमागांसाठी ओळखले जाते. माझ्या मते मात्र हे बापलेकांचे गाव आहे. अकबराचा मुलगा दानियाल १६०५ साली येथेच दारूपायी मेला. त्याच्या सभोवती बापाने पहारे बसविले होते. तेव्हा नोकरांनी बंदुकीच्या नळीतून दारू आत नेली आणि नळीतला गंज व दारूगोळ्याची घाण त्या दारूत उतरली, असे जहांगिराने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात अकबरही गेला. जहांगिराने बंडखोर खुसरौचे डोळे अधू करविले. तो खुसरौ १६२२ साली याच शहरात, धाकट्या भावाच्या कैदेत संपला. मोहना नदीच्या काठी राजाची छत्री आहे, तेथे आपण सहलीला जातो, भरीत-भाकरी खातो आणि परत येतो. ती मिर्झाराजे जयसिंगांची. आग्र्याला शिवाजी महाराजांची जबाबदारी त्यांच्या मुलावर, रामसिंहावर होती. महाराज निसटले, रामसिंहावर बादशहाची इतराजी झाली आणि दक्षिणेत खचलेला बाप १६६७ साली बऱ्हाणपुरात मरण पावला. पुढे औरंगजेबाचा मुलगा अकबर बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला गेला. त्याच्या आणि मराठ्यांच्या पाठीवर म्हातारा बादशहा १६८१ च्या नोव्हेंबरात बऱ्हाणपुरात येऊन उतरला. उत्तरेकडे तो पुन्हा कधीच परतला नाही.

असो. इतिहास सांगणे हा माझा अधिकार नव्हे. मला सांगावयाचे आहे ते ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकाबद्दल.

प्रा. वसंत कानेटकरांचे हे नाटक १९६२ साली ‘दि गोवा हिंदू असोसिएशन’ने रंगमंचावर आणले. मास्टर दत्ताराम शिवाजी आणि डॉ. काशिनाथ घाणेकर संभाजी. घाणेकर दंतवैद्य होते, हे आपल्या व्यवसायबंधूंना सांगावयास नकोच. पुढे १९७० साली कान-नाक-घशाचे शल्यविशारद डॉ. श्रीराम लागू ‘नटसम्राट’ झाले. मराठी रंगभूमीने डॉक्टरांतही मानेवरच्या शाखांनाच पसंती दिलेली दिसते; बालरोगतज्ज्ञाला अद्याप बोलावणे नाही.

या नाटकापूर्वी मराठी प्रेक्षकाने शिवाजी महाराज पाहिले होते ते लढाया जिंकताना. कानेटकरांनी लढाया बाजूला ठेवल्या आणि अखेरच्या काळातील घर समोर आणले. कर्ता, थकलेला बाप. ऐन तारुण्यातला, दुखावलेला थोरला मुलगा. दुसऱ्या राणीचा लहान मुलगा आणि तिचे स्वाभाविक मातृहृदय. शिवाय दोघांच्या मध्ये उभे असलेले कारभारी. राज्य कुणाचे, हा प्रश्न वरवरचा. माझ्यात आणि तुझ्यात पहिल्यांदा बोलायचे कुणी, हा खरा. कानेटकर स्वतः कवी गिरीशांचे चिरंजीव. मोठ्या बापाच्या सावलीत वाढणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नसावे.

मी हे नाटक प्रथम पाहिले ते १९७९ च्या गणेशोत्सवात, वयाच्या नवव्या वर्षी. गावातील मराठी मंडळींनी त्यातले निवडक प्रवेश बसविले होते. शिवाजी महाराज होते माझे वडील. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू. शनवाऱ्याजवळ त्यांचा दवाखाना होता, एम.बी.बी.एस. होऊन ते येथे बसले होते आणि सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत त्यांच्या बाकांवर जागा नसे. संभाजी झाले होते त्यांचे कंपाउंडर. उंच, गोरेपान, आवाज खणखणीत. बापलेकांच्या प्रवेशात भाऊ सावकाश पुढे आले आणि त्यांनी कंपाउंडरच्या खांद्यावर हात ठेवला. मंडपात कुणीतरी स्त्री मुसमुसली. माझ्या डोळ्यांसमोर तो हात आजही आहे. कारण तो हात माझ्या खांद्यावर कधी पडल्याचे मला आठवत नव्हते. भाऊ कठोर नव्हते. त्यांनी मला कधी मारले नाही, फी भरावयास कधी उशीर केला नाही. फक्त त्यांना वेळ नसे, आणि वेळ असे तेव्हा काय बोलावे ते सुचत नसे. त्या रात्री नऊ वर्षांच्या मुलाला कंपाउंडरचा हेवा वाटला.

पुढे बालरोगशास्त्र शिकल्यावर संभाजीराजांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. आपण रुग्णाचा केसपेपर भरतो, तसा त्यांचा भरून पाहावा. जन्म १४ मे १६५७, पुरंदर. दोन वर्षांचे असताना आई सईबाई गेल्या. दूध पाजले ते धाराऊने, वाढविले ते आजीने. आठव्या वर्षी पुरंदरच्या तहात बापाच्या शब्दाचे तारण म्हणून मोगल छावणी. नवव्या वर्षी आग्रा, नजरकैद. तेथून निसटल्यावर मथुरेला परक्या घरी ठेवून वडील पुढे निघून गेले. ते राजकारणदृष्ट्या अगदी योग्य होते. लहान मूल बरोबर असते तर दोघेही पकडले गेले असते. मूल मात्र राजकारणदृष्ट्या विचार करीत नाही, ते दरवाजाकडे पाहत बसते. सतराव्या वर्षी, राज्याभिषेकानंतर अवघ्या काही दिवसांत, आजीही गेली. हा केसपेपर समोर ठेवला की १६७८ च्या डिसेंबरातले ते पाऊल, दिलेरखानाच्या गोटात जाण्याचे, समर्थनीय ठरत नाही. परंतु अनाकलनीयही राहत नाही.

संभाजी महाराजांचे जे चित्र जुन्या नाटकांनी रंगविले होते, ते वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० सालच्या चरित्राने पुसावयास सुरुवात केली आणि कमल गोखल्यांच्या संशोधनाने ते काम पुढे नेले. कानेटकरांचा संभाजी या दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर उभा आहे. इतिहासाचे अभ्यासक त्यात दोष दाखवितील. त्यांच्याशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही. मला तो संभाजी खरा वाटतो तो रोज माझ्या समोरच्या खुर्चीवर बसतो म्हणून. वडिलांकडे न पाहता माझ्याशी बोलणारा पंधरा वर्षांचा मुलगा प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने पाहिलेला आहे.

दिलेरखानाने भूपाळगड घेतल्यावर शेकडो कैद्यांचे हात तोडले. संभाजीराजे तेथून वर्षभरात परतले, आणि जानेवारी १६८० मध्ये पन्हाळ्यावर बापलेकांची भेट झाली. मुलगा बावीस वर्षांचा, बाप पन्नाशीत. या भेटीत काय झाले? सभासदाची बखर सांगते की महाराजांनी राज्याच्या दोन वाटण्यांची गोष्ट काढली, आणि संभाजीराजांनी उत्तर दिले की मला आपले पाय पुरेत, मी दूधभात खाऊन राहीन. बखरकाराने हे ऐकून लिहिले की रचून, कोण जाणे. पण दूधभात हा शब्द बालरोगतज्ज्ञाच्या कानाला लागतो. रणात तलवार गाजविलेला, परमुलखात राहून आलेला, एका मुलीचा बाप झालेला पुरुष बापासमोर उभा राहून बाळाचे जेवण मागतो आहे. बाप मात्र नद्यांच्या हद्दी सांगत आहे. दोघेही आपापल्या परीने प्रेमच करीत होते.

नंतर महाराज रायगडाला गेले, मुलगा पन्हाळ्यावर राहिला. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांनी देह ठेवला तेव्हा संभाजीराजे जवळ नव्हते. जानेवारी १६८१ मध्ये त्यांचा राज्याभिषेक झाला आणि पंधरवड्याच्या आत मराठी घोडी तापी ओलांडून आपल्या गावात आली. त्या मुलाच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर हे आहे. पण ज्वर असलेल्या मुलाला इतके सांगता येत नाही.

आता घरचे सांगतो.

एम.डी. होऊन मी १९९९ साली बऱ्हाणपुरास परतलो. दवाखान्याचा पुढचा भाग भाऊंचा, मागची खोली माझी. भाऊंच्या टेबलामागे काचेच्या मोठ्या बरण्या असत आणि त्यांतले लाल मिक्स्चर सगळ्या शनवाऱ्याला ठाऊक होते. सोडा बायकार्ब, स्पिरिट क्लोरोफॉर्म आणि टिंक्चर कार्डेमम कंपाउंड. लाल रंग या शेवटच्याचा. बाटलीवर डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटविलेली. मी जुलाबाच्या मुलांना ओ.आर.एस. देऊ लागलो, उगाच दिली जाणारी इंजेक्शने बंद केली, प्रत्येक ताप आलेल्या मुलाला प्रतिजैविक देण्यास नकार दिला. हे सारे योग्यच होते. आजही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

२००१ च्या पावसाळ्यात एक वृद्ध विणकर नातवाला घेऊन माझ्या खोलीत आले. तपासणी झाली, कागद लिहून दिला. ते उठेनात. म्हणाले, “साहब, वो बड़े डॉक्टर साहब की लाल दवा भी दे देते तो...” सकाळपासूनची सत्तरावी तपासणी असावी. मी म्हणालो, “चाचा, वो दवा नहीं है, रंगीन पानी है।” दार उघडे होते. पलीकडे भाऊ एका बाईची नाडी पाहत होते. त्यांनी मान वर केली नाही. नाडी पाहून झाली, बाईंना त्यांनी दोन वेळा पथ्य समजावून सांगितले, नेहमीप्रमाणे.

पुढच्या सोमवारी ते दवाखान्यात आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. घरी म्हणाले, आता डोळ्यांना त्रास होतो. मोतीबिंदू होता खरा, पण तो दोन वर्षांपासून होता. कंपाउंडरने एके संध्याकाळी बरण्या धुऊन माळ्यावर ठेवल्या. त्यानंतर दहा वर्षे आम्ही एका घरात राहिलो, एका ताटाशेजारी दुसरे ताट मांडून जेवलो, पावसापाण्याच्या, नातवाच्या शाळेच्या गोष्टी केल्या. त्या वाक्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. २०११ साली ते गेले. मी जवळच होतो. त्या बाबतीत संभाजीराजांपेक्षा भाग्यवान. पण जवळ असणे आणि बोलणे यांत अंतर असते.

मी बरोबर होतो, ही गोष्ट मला बरीच वर्षे पुरली. गेल्या ऑक्टोबरपर्यंत, असे म्हणू या. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच राज्यात, छिंदवाडा भागात, खोकल्याच्या एका औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघाले आणि वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. आपण सर्वांनीच ते दिवस कसे काढले, हे येथे सांगावयास नको. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असे बजावले. घरोघरचे आईबाप अर्ध्या वापरलेल्या बाटल्या पिशवीत भरून माझ्याकडे घेऊन येत होते आणि विचारीत होते, ही चालेल का, ही तरी चालेल का. एका रात्री दवाखाना बंद करताना माझ्या मनात आले की रंगीत पाण्याने कुणाचे मूत्रपिंड गेले नसते. लाल मिक्स्चर शास्त्रीय होते असे मी म्हणत नाही, ते नव्हतेच. पण ते बनविणारा माणूस ते स्वतः मोजून ओतीत असे आणि पिणाऱ्याचे घर ओळखीत असे.

त्याच महिन्यात दिवाळी आली आणि माझा मुलगा पुण्याहून घरी आला. तो पंचवीस वर्षांचा, एम.बी.बी.एस. झालेला. क्ष-किरणशास्त्राकडे जाण्याचे त्याने ठरविले आहे आणि बऱ्हाणपुरास परतण्याचा त्याचा विचार नाही. हे त्याने आधीच्या दिवाळीत सांगितले होते. मी उत्तर दिले नव्हते. नवा दवाखाना मी त्याच्या हिशेबाने दोन मजली बांधला आहे, हे तो जाणतो. मीही नद्यांच्या हद्दी सांगत होतो, हे मला नंतर समजले.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी रात्री त्याने लॅपटॉप समोर ठेवला आणि म्हणाला, “बाबा, हा सिनेमा बघू या.” चित्रपट होता ‘फेन्सेस’, कृष्णवर्णीय अमेरिकन नाटककार ऑगस्ट विल्सन यांच्या नाटकावरून २०१६ साली निघालेला. नाटकाने १९८७ साली पुलित्झर पारितोषिक मिळविले होते. १९५० च्या दशकातले पिट्सबर्ग शहर. कचरा उचलणारा ट्रॉय मॅक्सन. तरुणपणी तो बेसबॉलचा उत्तम खेळाडू होता, पण मोठ्या स्पर्धांची दारे काळ्या माणसाला उघडली तोवर त्याचे वय निघून गेले. आता त्याच्या धाकट्या मुलाला फुटबॉलच्या जोरावर महाविद्यालयात जाण्याची संधी येते आणि बाप ती मोडून टाकतो. गोरे लोक तुला पुढे जाऊ देणार नाहीत, त्यापेक्षा हाताला काम शीक. बाप दुष्ट नाही. त्याच्या आयुष्यापुरते त्याचे म्हणणे खरेच आहे. जग थोडे बदलले आहे, एवढेच त्याला दिसत नाही. मुलगा घर सोडतो, सैन्यात जातो. बापाच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी गणवेशात परततो आणि आईला सांगतो की मी प्रेताला जाणार नाही. आई त्याला समजावते. शेवटी सावत्र बहिणीबरोबर तो बापाचे एक जुने कुत्र्याचे गाणे गातो. ते त्याला पाठ असते.

चित्रपट संपल्यावर आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. मग मुलगा म्हणाला, “हा माझ्याकडून. तुमच्याकडून काय?” मी उठलो आणि माळ्यावर चढलो. बरण्यांच्या मागे भाऊंची पेटी आहे, तिच्यात ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ची त्यांची प्रत असावी, असा अंदाज होता. ती होती. पाने पिवळी पडलेली, कडेला तेलाचा डाग. भाऊंनी शिवाजी महाराजांची सर्व वाक्ये निळ्या पेन्सिलीने अधोरेखित केली होती आणि समासात स्वतःसाठी सूचना लिहिल्या होत्या: श्वास घ्यावा, आवाज चढवू नये, इथे मागे वळावे. बापलेकांच्या प्रवेशापाशी त्यांच्या डॉक्टरी अक्षरात लिहिले होते, “हात खांद्यावर. घाई नको. विसरू नये.” शेवटच्या दोन शब्दांखाली दोनदा रेघ.

मुलाने ते वाचले, पान उलटले, पुन्हा मागे आला. “आजोबांना हे लिहून ठेवावं लागलं?” त्याने विचारले. मी होय म्हणालो. तोवर मला वाटत आले होते की रंगमंचावर त्यांना ते सहज जमत होते.

मग मी त्याला लाल मिक्स्चरची गोष्ट सांगितली. चोवीस वर्षांत प्रथमच, कुणालाही. त्याच्या आईलाही ती ठाऊक नव्हती. ती दारात उभी राहून ऐकत होती. मुलाने काहीच मत दिले नाही. विचारले एवढेच, की त्यात नक्की काय काय घालीत असत. मी सांगितले. तो हसून म्हणाला, “वेलदोडा? म्हणजे चव तरी चांगली असणार.”

दवाखान्याच्या वरच्या मजल्याचे काय करावयाचे, हे अद्याप ठरलेले नाही. नाटकाची प्रत तो पुण्याला घेऊन गेला आहे. येत्या शनिवारी दोन दिवसांसाठी येतो आहे. भुसावळला गाडी बदलून पहाटे पोहोचेल. एरवी तो स्टेशनवरून रिक्षाने घरी येतो. या वेळी मी लालबागेला जाऊन थांबणार आहे, असे त्याला कळविले आहे.